भोकाचं मडकं

पणदरे

प्रिय वसंतराव,

फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सावकाश बोलता, मला तेवढा दम निघत नाही, मग मी ‘बरं बरं, ठेवते’ म्हणते आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुका काढत बसू नका. दिवाळीत ताईकडं आले होते तेव्हा तुम्ही ते ऑर्किडचं झाड माझ्या हातात दिलंत आणि ताईच्या समोरच विचारलंत, लग्न करून भवानीनगरला येता का म्हणून. ताईचे दीर म्हणून इतकी वर्षं बघतेय तुम्हाला, पण असलं काही विचाराल असं वाटलं नव्हतं. वर म्हणालात, दोन्ही घरांत एकेकटं माणूस जेवतंय. माझ्या घरी एकटं कोण जेवतं हो? नवरा गेला, पोटी मूल नाही, पण आत्या आहेतच की, माझ्या सासूबाई. राग आला. म्हणून उत्तर दिलं नाही, कुंडी केवढी लागेल तेवढंच विचारलं.

तर आधी कुंडीचं. तुमची ती आरपार दिसणारी प्लास्टिकची डबी बघून मला झाडाची दयाच आली. एवढ्याशा डबीत मुळं कोंबलेली, अर्धी बाहेर लोंबतायत. म्हटलं, कारखान्याच्या कचेरीत जन्म गेला या माणसाचा, याला झाडातलं काय कळतंय. दारातली मोठी सिमेंटची कुंडी रिकामी केली, रानातली काळी माती भरली, वर पाटीभर शेणखत, आणि उसाला देतो तसं डबडबून पाणी. एवढ्यावर पणदऱ्यात काय येत नाही सांगा! तर पानं पिवळी पडली. उपटून बघते तर मुळं सडून काळी, हाताला बुळबुळीत. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही हसलात. ते काही मी विसरलेले नाही.

पण ऐकलं तुमचं. ही झाडाच्या खोडाला धरून जगणारी जात, हिला माती नको, मुळांना वारा लागला पाहिजे. भांडं मुळं जेमतेम मावतील एवढंच घ्यायचं, मोठं घेतलं की आत ओल धरून बसते. सडकं तेवढं कापून टाकलं आणि धान्य धुवायच्या चाळणीत कोळसा आणि नारळाच्या शेंड्या घालून झाड बसवलं. दुसऱ्या दिवशी आत्यांनी चाळण परत मागितली, ‘तांदूळ कशात धू, तुझ्या कपाळात?’ बारामतीत जाळीची प्लास्टिकची कुंडी बघितली, पण ती इतकी हलकी की वाऱ्यानं उलटायची. शेवटी म्हटलं, मातीचीच बरी, जडही असते आणि ओलही शोषते. गेले जोतीराम कुंभाराकडं.

तो चाकावर बसला होता. मी म्हटलं, ‘जोतीरामभाऊ, लहानसं मडकं पायजे, भाजायच्या आधी अंगाला चौफेर भोकं पाडून द्या.’ चाक थांबलं. त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि हळूच विचारलं, ‘कवा गेल्या?’ मला उलगडेना. म्हटलं, ‘कोण?’ ‘म्हातारी वो, तुमची सासू. द्वारकाबाई.’ आणि डोळेच पुसायला लागला. वर मला शिकवतोय, ‘पर वयनी, भोकं घरनंच पाडून न्हेत्यात व्हय? ती तितं फेऱ्या मारताना दगडानं पाडायची असत्यात.’ आपल्याकडं भोकाचं मडकं एकाच कामाला लागतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी पुतण्यानं खांद्यावर घेतलेलं मी बघितलंय, तरी झाडाच्या नादात माझ्या ध्यानात आलं नाही. ‘म्हातारी घरी भाकरी थापतीया, झाडाला पायजे मडकं!’ असं मी म्हणाले, तर माझ्यावरच चिडला. पण करून दिलं.

माझ्या पोटात काही राहत नाही. घरी येऊन सांगून टाकलं. वाटलं, आत्या आता शिव्या घालणार. त्यांनी विचारलं, ‘रडला का गं?’ म्हटलं, ‘डोळं पुसलं की.’ ‘मग आनखी दोन मडकी घे त्याच्याकडनं,’ म्हणाल्या आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. मडकं मात्र घरात आणू देईनात. पोराच्या वेळचं डोळ्यापुढं येतं म्हणाल्या. म्हणून गोठ्यामागं ठेवलं. तिथं झाड जगलं. भोकातून हिरव्या टोकाचं मूळ बाहेर आलं.

एके दिवशी दूध घालून परत आले तर मडकं ओसरीवर. आत्यांनीच उचलून आणलेलं. ‘गोठ्यामागं शेरडं तोंड लावत्यात,’ म्हणाल्या. मग शेंगा फोडता फोडता विचारलं, ‘दिलंय कुणी हे, एवढी पळतीयास ती?’ मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही काय विचारलंत तेही सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. खालमानेनंच म्हणाल्या, ‘मग माझं काय करतीस?’

हे सगळं लिहायचं कारण असं. माझ्याकडून होय आहे. पण मी एकटी येणार नाही. आत्या माझ्याबरोबर राहतील, शेवटपर्यंत. जमत असेल तर बोला, नसेल तर तसं सरळ कळवा, मी रुसत बसणारी बाई नाही. हेच आत्यांनाही सांगितलं. काल जेवताना म्हणाल्या, ‘पोरगी द्यायच्या आधी पोरीकडच्यांनी घर बघायची रीत हाय. तुला आई न्हाय, तवा म्या जाते.’ तेव्हा रविवारी चारचाकी घेऊन या, मोटरसायकल नको, त्यांना बसवत नाही. तुमच्या न्हाणीची पायरी केवढी उंच आहे ते त्या स्वतः चढून बघणार आहेत. आणि दाढी करून या. म्हातारी मुलगा बघायला निघालीय.

तुमचीच,
इंदिरा