ओ देणारी

उल्काताई,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणूनच खरं लिहितोय.

तीन वर्षं रोज सकाळी आईला आंघोळ घालायला इथल्या नगरपालिकेची मदतनीस आनेके यायची. आता ती सेवा खासगी कंपनीकडे गेली. गेल्या महिन्यात विरोध करायला सगळं गाव सभागृहात जमलं होतं. मीही बोललो. म्हटलं, "माझी आई आनेकेला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारते आणि ती ओ देते. हे तुमच्या कुठल्या कलमात बसणार?" टाळ्या पडल्या. ठराव तरीही मंजूर झाला.

तुला मात्र फोनवर मी सांगत आलो, की आईला आता कुणीच आठवत नाही. पुण्याहून तिला इथे परदेशात आणली मी, औषधपाणी बघतो मी, आणि ती रोज म्हणायची, "उल्के, पाठ चोळ गं." मला ते सहन होत नव्हतं, ताई.

आज नवी बाई आली. आईने हाक मारल्यावर तिने छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली. आई गोंधळली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"अहो, तुम्ही तरी सांगा, माझी उल्का कुठंय?"

तुझा धाकटा,
अभिराम