गिरवायचं नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज तुमच्याशी बोलताना मला भीती वाटतेय. लहानपणी वाटायची ती वेगळी, ती तुमच्या हातातल्या पट्टीची होती. ही माझ्याच उजव्या हाताची आहे.

गेल्या वर्षीपासून मी दर शनिवारी सकाळी इथल्या, श्रूजबरीच्या, लायब्ररीत चिनी सुलेखन शिकायला जाते. पन्नाशीला आलेल्या बाईला हे काय सुचलं, असं तुम्ही म्हणाला असतात, आणि मग हळूच ब्रश हातात घेऊन पाहिला असतात. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, चिनी, बारीक चणीच्या. पहिल्याच दिवशी मी एका ओळीत सहा अक्षरं काढली आणि सवयीनं सगळ्यांच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढली. बाई खळखळून हसल्या. "कपडे वाळत घातलेस का?" असं काहीसं म्हणाल्या. मग एक उभी रेघ बारीक आली म्हणून मी ती पुन्हा गिरवायला गेले, तर त्यांनी मनगटच धरलं. "नो, नो. एकदा ओढली की ओढली. आमच्याकडे दरबारात माणसाची पारख अक्षरावरून व्हायची. डागडुजी केलेली रेघ लगेच कळते." तुम्ही मला पाटीवर एकच 'अ' शंभर वेळा गिरवायला लावलात. चुकलं की गिरव, सुधारेल. आपलं शिकणं सुरूच होतं गिरवण्यापासून, आणि इथे नेमका तोच गुन्हा.

महिन्यापूर्वी बाईंनी चौकटी आखलेला कागद काढून घेतला आणि कोरा दिला. तांग घराण्याच्या काळातली एक कविता उतरवायची होती. चार ओळी, ओळीत पाच अक्षरं, वरून खाली. पहिलं अक्षर ठसठशीत आलं. पाचवं त्याच्या निम्मंच होतं. पुढच्या तिन्ही ओळी तशाच. माझा जागेचा अंदाज चुकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पुन्हा लिहायला बसले, तर लेक मागून वाकून म्हणाली, "आई, व्हाय आर दे श्रिंकिंग?" मी तिच्यावर ओरडले. बिचारीनं काहीच केलं नव्हतं.

ओरडले, कारण मला माहीत होतं. तुमची पत्रं आहेत ना माझ्याकडे. ज्या हातानं शाळेतली सगळी मानपत्रं लिहिली, त्याच हाताची अक्षरं वरच्या ओळीत जोंधळ्याएवढी आणि तळाशी खसखशीएवढी. तेव्हा मी नुकतीच इकडे परदेशात आले होते. फोनवर तुम्हाला म्हणाले, "अण्णा, कागदाची कंजुषी कशाला करता? मोठं लिहा की." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. पुढचं पत्र आईच्या हातचं आलं, खाली फक्त तुमची सही. तुम्हाला कंपवात आहे आणि अक्षर बारीक होत जाणं ही त्याचीच खूण, हे डॉक्टरांनी सांगायला त्यानंतर वर्ष लागलं. तुम्ही जिवाच्या आकांतानं लिहीत होता आणि मी तुम्हाला झापत होते, याची मला फार लाज वाटते.

टेबलावरचे कागद पाहून नवऱ्यानं न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. मी त्याला न सांगता कॅन्सल केली. काल ते उघडकीला आलं. "यार, दाखवून तर ये. कदाचित काहीच नसेल," तो म्हणाला. "आणि असेल तर?" मी विचारलं. तो ओली प्लेट पुसत राहिला, कोरडी झाली तरी. आता सोमवारची वेळ मिळालीय आणि तो स्वतः ड्राइव्ह करणार आहे, म्हणजे सुटका नाही. तिथे म्हणे कागदावर एक वाक्य लिहायला लावतात. सुया टोचल्या तरी चालतील मला, अण्णा, पण ते वाक्य नको.

बाईंनी एकदा सांगितलं होतं, सुंग घराण्याच्या काळात सरकारी परीक्षेचे पेपर कारकून बसून नव्यानं उतरवून काढायचे. कुणाचं अक्षर आहे ते परीक्षकाला ओळखू येऊ नये म्हणून. वर्गातले सगळे कौतुकानं हसले होते, मीसुद्धा. सोमवारी मला तसा एक कारकून सोबत न्यावासा वाटतोय.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाहीये, तरीही मी ते टाइप केलंय. सुरुवात हातानंच केली होती, तुम्ही दिलेल्या पेनानं. आठव्या ओळीला थांबले आणि तो कागद फाडला. तुम्ही अक्षर बघाल आणि ओळखाल, असं वाटलं.