पहिला दाब धरायचा नाही

आदरणीय अण्णांना,

नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे, जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, आणि कानातलं यंत्र शिट्टी वाजवायचं थांबलं का, हे सविस्तर कळवा. (शिट्टी थांबली नसेल तर ते उघडू नका. मागच्या खेपेला तुम्ही भाजी चिरायच्या सुरीने उघडलं होतंत. माझ्याकडे पाठवा.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. खरं म्हणजे 'ठीक' हा शब्द मी वापरत नाही, कारण त्याला माप नाही. तेव्हा नेमकं सांगायचं तर तुमची बहीण शंभरात पंच्याण्णव आणि मी ऐंशीच्या आसपास, तोही चढता.

माझ्या ऐंशीची हकिगत लांब आहे. चहा जवळ घेऊन बसा.

गेली दोन वर्षं तुमच्या बहिणीची तब्येत बरी नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. काय होत होतं ते ठाऊक नसणार, कारण तुम्ही फोनवर विचारलंत की ती 'काही नाही रे, वय झालं' म्हणून वहिनींकडे विषय वळवायची. वय झालं हे खरंच होतं, पण 'काही नाही' हे खोटं. बसल्या जागी छातीपासून डोक्यापर्यंत वाफ उठायची, कपाळावरून घाम निथळायचा, पाच मिनिटांत पुन्हा गारठून शाल मागायची. रात्री चार-चारदा उठून बसायची. तिचं पडद्यांचं काम तुम्ही पाहिलंय. पंचवीस वर्षांत तिची कात्री बोटभरसुद्धा चुकली नव्हती. या दोन वर्षांत तीन पडदे आखूड कापले गेले. तिसरा मखमलीचा होता. त्या दिवशी तिने कात्री मेजावर ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "यापुढे मी उसवायचीच कामं घेईन." अण्णा, ती चिडली असती, रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. हे वाक्य ऐकून मी दुकानात गेलो आणि एक चांगला चालणारा तराजू खोलून पुन्हा बसवला.

मग डॉक्टरीणबाई झाल्या, तपासण्या झाल्या, आणि औषध मिळालं. शरीरात इस्ट्रोजेन नावाचं जे द्रव्य या वयात आटतं, ते थोडं बाहेरून द्यायचं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पारदर्शक जेलची बाटली. झाकण दाबलं की ठरावीक थेंब बाहेर येतो, तो दंडावर पसरायचा. रोज एक दाब. साठ दाबांची बाटली, म्हणजे दोन महिने. (सोबत झोपताना घ्यायची एक वेगळी गोळीही आहे. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, म्हणून ही तोल सांभाळणारी गोळी. तोल हा शब्द आला आणि मला या उपचाराबद्दल विश्वास वाटू लागला.) चौथ्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपली. त्यानंतर पाचव्या दिवशी मखमलीचा नवा तागा उलगडून बसली. तेव्हा हे औषध म्हणजे आमच्या घरात काय आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ते बंद झालं तर कात्री पुन्हा मेजावर.

एवढी मोलाची वस्तू घरात आल्यावर तिची जबाबदारी कोणीतरी शिकलेल्या माणसाने घ्यायला हवी. मी शाळेत सातवीपुढे गेलो नाही, पण तराजूची दुरुस्ती मला कोणी शिकवली नाही आणि आज सोनार माझ्याकडे येतात, हे तुम्ही जाणता. बाटलीच्या खोक्यात एक घडीचा कागद होता, दोन्ही बाजूंनी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला. तुमच्या बहिणीने तो एकदा वाचला आणि होता तसा घडी घालून परत ठेवला. (ती घडी मला आजवर जमलेली नाही.) मी तो डोळ्याला भिंग लावून चार वेळा वाचला आणि त्यातून घराचे नियम काढून भिंतीवर लावले. जेल लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्यायचं. त्यात स्पिरिट असतं, तोवर शेगडीजवळ जायचं नाही. छातीवर लावायचं नाही. लावून झालं की हात साबणाने धुवायचे. त्या दंडाला तासभर दुसऱ्या कोणाचा स्पर्श नको, औषध त्याच्या अंगात जातं. यातून मांजरही सुटलं नाही. तासभर ते आणि मी दोघं दाराबाहेर बसायचो.

पोटरी दुखली, सुजली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, एकाएकी भयंकर डोकं दुखलं किंवा नजर धूसर झाली तर तडक डॉक्टरकडे, असंही त्या कागदात आहे. कारण क्वचित कोणाच्या रक्तात गुठळी होते. आता 'सुजली' म्हणजे किती? म्हणून मी रोज सकाळी तिच्याच टेपने तिच्या दोन्ही पोटऱ्या मोजून वहीत लिहू लागलो. डावी साडेचौतीस, उजवी पस्तीस. एका गुरुवारी उजवी छत्तीस भरली आणि मी डॉक्टरकडे जायला चपला घातल्या. तुमची बहीण म्हणाली, "अहो, काल मोज्याच्या खालून मोजलं होतं, आज वरून मोजताय." ते खरं होतं. वहीत मी त्या दिवसापुढे 'मोजा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

आता बाटलीकडे येतो, कारण माझे वीस गुण तिथे गेले. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे: तराजू जागेवर ठेवला की पारडं एकदा हाताने दाबून सोडायचं, आणि पहिलं माप धरायचं नाही. आतली स्प्रिंग आळसावलेली असते, पहिलं माप खोटं बोलतं. दुसऱ्यापासून खरं. कागदात लिहिलं होतं की वापरण्यापूर्वी बाटली दाबून पहिला दाब सोडून द्यावा. ते वाचून मला गहिवरून आलं. म्हटलं, औषध बनवणाऱ्यांतही कोणीतरी आपला माणूस आहे. (तिथे 'नवी बाटली उघडल्यावर, एकदाच' असंही होतं, हे मी पाचव्या वाचनात पाहिलं. पाचवं वाचन नंतर झालं.) तर रोज सकाळी मी बाटली हातात घ्यायचो, पहिला दाब काढायचो, आणि दुसरा, खरा दाब तुमच्या बहिणीच्या तळहातावर द्यायचो. दुकानातला बारीक तराजू आणून सात दिवस दुसऱ्या दाबाचं वजन केलं. काट्यात फरक नाही. पहिल्याचं केलं नाही. पहिलं माप धरायचंच नाही तर तोलायचं कशाला?

प्रश्न उरला, त्या पहिल्या दाबाचं काय करायचं? बेसिनमध्ये टाकायची सोय नाही. औषध सांडपाण्यात सोडू नये असं कागद सांगतो, आणि ते बरोबरच आहे. फडक्याला पुसावं तर ते फडकं उद्या कोण हातात घेईल, सांगता येत नाही. कचऱ्यात मांजर तोंड घालतं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि घरातली एकमेव सुरक्षित, निर्धोक, कोणाच्याही वाटेत न येणारी जागा शोधून काढली. माझं कोपर. थंडीवाऱ्यात ते तसंही फुटतं. चोळून टाकायचो, पाच मिनिटं वाळवायचो, हात धुवायचो. सगळे नियम पाळून, अण्णा.

तिसऱ्या आठवड्यात वजनांची पेटी छातीशी धरून जिना चढताना मी कळवळलो. म्हटलं, पेटीचा कोपरा लागला असेल. मग शर्टाची इस्त्री बोचू लागली, मग गल्लीत कोणी घाईत जाताना दिसलं तरी मी दोन्ही हात छातीवर घेऊन भिंतीला चिकटू लागलो. वहीत तुमच्या बहिणीच्या पानावर 'स्तन हुळहुळणे: नाही, मळमळ: नाही, डोकेदुखी: नाही' असं रोज लिहीत होतो आणि पेन खिशात ठेवताना 'स्स' करत होतो. दोन गोष्टींचा संबंध लावायचं डोक्यात आलं नाही, कारण वही तिची होती. या काळात माझा स्वभावही फार निवळला, असं मला वाटत होतं. गिऱ्हाइकाचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकून घेऊ लागलो होतो.

तिसाव्या दिवशी बाटली फुसफुसली. मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, तारीख पाहिली, चष्म्यावरून मला पाहिलं आणि मागच्या सात जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोन महिन्यांची बाटली महिन्यात उडवली? बाई दुप्पट लावतायत काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही." (काका! माझ्याहून दोनेक वर्षांनीच लहान असेल.) त्याच दुपारी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी शांतपणे विचारलं, "रोज किती लावता?" तुमची बहीण म्हणाली, एक. "मग उरलेले तीस दाब कुठे गेले?" तुमच्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "हे बघा, जास्त घेतल्याने जास्त बरं वाटत नाही, नुसता धोका वाढतो. प्रमाण पाळलं जात नसेल तर मला हे थांबवून दुसरं काही बघावं लागेल." तुमच्या बहिणीने मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. हे ती मखमल चुकली त्या दिवशीही करत होती.

तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, की बाई, ते तीस माझ्या कोपरावर आहेत.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला तपासलं. (कसं, ते लिहीत नाही. 'आई गं' म्हणालो एवढं पुरे.) मग त्यांनी सांगितलं की कोपरावर लावलेलं कोपरावर राहत नाही, अंगभर जातं, पुरुषाची छाती त्याने हुळहुळते, सुजतेही, लगेच बंद केलं म्हणजे काही आठवड्यांत उतरेल, न उतरल्यास परत दाखवा. उरलेलं औषध किंवा रिकामी बाटली दुकानात परत द्यायची, अंगावर जिरवायची नाही. मी स्वभाव निवळल्याचं विचारलं. म्हणाल्या, त्याचा याच्याशी संबंध दिसत नाही. मला जरा वाईट वाटलं. तुमची बहीण तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. बाहेर आल्यावर कळलं की हसत होती, ती फाटकापर्यंत हसली, रस्त्याच्या कडेला थांबून पुन्हा हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षांत एवढं हसले नव्हते हो." नवी बाटली मिळाली. आता ती तिच्या हातात असते. मी दाराबाहेर, मांजराशेजारी.

या घडीला ती आतल्या खोलीत कापतेय. कात्रीचा आवाज एकसारखा येतोय, मध्ये थांबत नाही. बाकी सर्व कुशल. वहिनींना पुन्हा नमस्कार.

आपला,
तराजूवाला मेहुणा

ता. क. पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. तिच्या सांगण्यावरून दुरुस्ती: मी उठून उभा राहिलो नव्हतो. मी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र वाचत होतो. तीच म्हणाली, "अहो, तो पहिला दाब तुम्ही कापसाला पुसता ना?" आणि मी कोपर झाकलं. शिवाय ऐंशी नाही, साठ.

आणखी एक ता. क. हे ती स्वयंपाकघरात गेल्यावर लिहितोय, आणि पत्राचं खरं काम हेच आहे. उपचार सुरू होण्याआधी एक अर्ज भरायचा होता: घरात कोणाला रक्ताची गुठळी, स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, असे अकरा प्रश्न. तिला घाम फुटला होता, म्हणून अर्ज मी भरला. सुंदर अक्षरात अकरा वेळा 'नाही' लिहिलं. परवा बाईंनी तोच कागद काढून विचारलं, हे कोणी भरलं? मग तुमच्या बहिणीला आठवलं की ती पाच-सहा वर्षांची असताना आईचा पाय महिनाभर उशीवर असायचा. का, ते तिला माहीत नाही. तुम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतात. तो पाय मोडला होता, शिरा फुगल्या होत्या, की गुठळी होती? कोणता पाय? रक्त पातळ करायचं औषध होतं का? अठरा तारखेला बाईंना सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, उत्तर 'हो' आलं तरी लगेच बंद करावं लागेल असं नाही; त्वचेतून दिल्याने तो धोका कमी असतो, काही तपासण्या करून ठरवू. पण खरं कळलं पाहिजे.

ती तुम्हाला विचारणार नाही. परवापासून दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला. म्हणून मी विचारतोय. अण्णा, माझ्या काळजीपोटी 'नाही' लिहू नका. 'हो' असेल तर 'हो'च लिहा. न विचारता लिहिलेले अकरा 'नाही' आहेत माझ्याकडे. विचारून मिळालेलं एक उत्तर हवं आहे.