तू माझ्या शब्दावर चाप ओढलास

प्रिय इनासदादा,

माझ्या सेलीनचं पत्र काल घरून आलं. तू गेल्याला तोवर सोळा दिवस झाले होते. तुला देवळातून नेत होते तेव्हा मी मीना सलमान बंदरावर कोंबड्यांच्या खाद्याची पोती पिकअपमध्ये चढवत असेन. मला काही कळलंसुद्धा नाही.

पत्रात शेवटी तिने लिहिलंय, तुझा नेल्सन मातीला आलेल्या माणसांत बोलला, "मी बहरीनला जाणार, पण पप्पांसारखं हातातलं घालवून परत येणार नाही." ते वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. पण तू समोर होतास तेव्हा तरी मी कुठे बोललो?

मी अजून त्याच अरबाबकडे आहे. मालक म्हातारा झालाय, मीही झालोय. दिवसभर गाडी, संध्याकाळी पंप, उठलं की परत तेच. समुद्रात सौदीपर्यंत पूल बांधतायत, त्याच्या ट्रकांची धूळ आपल्या मळ्यातल्या खजुरांपर्यंत येते. तू असतास तर म्हणाला असतास, "पास्कू, बस कर आता, घरी ये." मला हल्ली ते कुणीच म्हणत नाही.

तुला आठवतं, तू इथे बंदूक कशी हातात घेतलीस? तू जनरेटरवाला, बंदुकीशी तुझा काय संबंध? पण कोल्हे रोज कोंबड्या उचलायचे आणि अरबाबचे बार सगळे वाळूत जायचे. एकदा तू न राहवून म्हणालास, "बाबा, मला दे." वसईला केळीच्या वाडीत कोल्हे हाकून तुझा हात बसलेला. पहिल्याच बारात पळता कोल्हा कोलमडला. अरबाबने तुला मिठी मारली आणि त्या दिवसापासून तुझ्या झोपेचं खलास झालं. माझ्याही, कारण पिकअपच्या बॅटरीवरचा फोकस धरायला तू मला घेतलंस.

किती शिकवायचास तू! पळत्या जनावरावर नेम धरायचा नाही, त्याच्या नाकापुढे हातभर धरायचा. नळी त्याच्याबरोबर फिरवत न्यायची, चाप ओढल्यावरही थांबवायची नाही. मला कधी जमलं नाही ते. माझं काम दोन शब्दांचं होतं. डोळे चमकले की म्हणायचं, "डोळे." मग फोकस खाली आणून मोठे कान आणि झुबकेदार शेपूट दिसली की म्हणायचं, "कोल्हा." तू सगळं लक्ष नळीच्या टोकावर ठेवायचास, जनावर ओळखायचं मी. दुसरा शब्द आल्याशिवाय तू कधी चाप ओढला नाहीस. हसायचास, "माझे डोळे तुझ्याकडे गहाण आहेत रे."

त्या रात्री मी दुसरा शब्द आधीच म्हणालो.

सलग तिसरी रात्र होती, दादा. दिवसा पोती वाहिलेली, डोळ्यांत वाळू गेलेली. फोकसमध्ये काहीतरी चमकलं, पळालं, आणि मला फक्त लवकर संपवून झोपायचं होतं. "कोल्हा," म्हणालो. ना कान बघितले, ना शेपूट. तू नळी फिरवलीस, बार काढलास. जनावर जागच्या जागी पडलं.

जवळ गेलो तर अरबाबची सलूकी. शिकारीची ती लांब पायांची कुत्री, जिला तो स्वतःच्या हाताने खजूर भरवायचा. दोर तोडून आली होती.

अरबाब आला, वाळूत बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन रडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू माझ्या पायावर पाय दिलास. "मी थांबलो नाही, अरबाब," तू म्हणालास. "हा काही बोलायच्या आतच मी बार काढला." अरबाबने माझ्याकडे बघून विचारलं, "सच?" मी मान हलवली. एवढंच केलं मी, दादा. मान हलवली.

चार दिवसांत तुझा व्हिसा कॅन्सल झाला. विमानतळावर तू म्हणालास, "तुझ्या लिलीचं लग्न होऊ दे, मग बघू." बहिणीचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली. तीनदा मी रजेवर आलो. तुझ्या ओट्यावर बसून चहा प्यालो. गल्लीतले लोक तुझ्यादेखत म्हणायचे, "इनास बहरीनला डोळे ठेवून आला, म्हणून बंदुकीला हात लावत नाही." तू हसून म्हणायचास, "हो रे, नेम गेला माझा." आणि नेल्सन आतून ऐकायचा. मी चहात साखर ढवळत बसायचो.

तू तरी एकदा शिवी द्यायचीस मला. एकदा तरी म्हणायचंस की पास्कू, तू मला बुडवलंस. इतका चांगुलपणा कशाला केलास? मला मनामाच्या देवळात एका मल्याळी फादरपुढे पापाचा कुमसार करावा लागला, तोही मोडक्या इंग्रजीत. त्याने तीन प्रार्थना सांगितल्या आणि सोडून दिलं. अनोळखी माणसापुढे मला बोलता आलं, तुझ्यापुढे नाही आलं. मी भित्रा आहे, दादा.

आता थकलोय. हे ओझं घेऊन परत इकडच्या विमानात बसवणार नाही.

पुढच्या महिन्यात रजा आहे. सामान घरी टाकायच्या आधी तुझ्या ओट्यावर येईन. रोझीवहिनीला बाहेर बोलावीन, नेल्सनला समोर बसवीन. सांगेन की शब्द माझा होता, आणि मान मीच हलवली होती. त्याने हात उचलला तर उचलू दे. आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन की नेल्सन, जनावर पळत होतं, काळोख होता, आणि तुझ्या बापाने ते एकाच बारात पाडलं. त्याचा नेम कधीच चुकला नव्हता.

तुझा फोकसवाला,
पास्कू