खुर्चीची जप्ती

बेलिफसाहेबांस नमस्कार,

त्या सकाळी तुम्हाला गिऱ्हाईक समजून मी खुर्चीत बसवलं, फेस लावला. वस्तरा गळ्याशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, हात सांभाळा. मी याच खुर्चीच्या जप्तीला आलोय."

हात हललाच. चिरलेल्या हनुवटीला तुरटी लावून घेत तुम्ही सांगितलंत, "नव्या कायद्यानं धंद्याची हत्यारं कर्जापायी उचलता येत नाहीत. पण ते कोर्टात जाऊन तुम्हीच सांगायचं. घाबरून घरी बसलात, तर खुर्ची गेली."

देवानंच तुमची दाढी वाढवली म्हणायची. मला वाट दाखवली म्हणून तुमच्यावर बालंट नको, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही.

कर्ज फेडीनच, पण त्यासाठी खुर्ची हवी. कोर्टाला जन्मभर भ्यायलो. आज गेलो आणि न्यायाधीशांसमोर स्वतः बोललो. खुर्ची राहिली.

तुमचा ऋणी,
हात हललेला न्हावी