तीन नंबरची डिस्क

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी धड आहे, पण डोकं तापलंय.

आमच्या इस्पितळातल्या तपासण्यांचे सगळे रिपोर्ट एका सर्व्हरवर असतात (म्हणजे कपाटातला, कधीच न झोपणारा कॉम्प्युटर). त्याच्या सहा डिस्कपैकी एक गेली. एखादी गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात, त्यामुळे यंत्र चालू ठेवूनच ती काढून नवी सरकवता येते. या सोयीचं आमच्या साहेबांना भलतंच कौतुक. मी म्हटलं, तरी रविवारी करू, गर्दी नसते. तर म्हणाले, "बंदच करायचं नाही, मग रविवार कशाला?" (स्वतः रविवारी फोनसुद्धा उचलत नाहीत.) झालं, सोमवारी अकरा वाजता, ऐन गर्दीत, कंपनीचा तंत्रज्ञ हजर.

स्क्रीन सांगत होता, तीन नंबर खराब. या गृहस्थाने कप्प्यावरची तीनची चिठ्ठी बघितली आणि डिस्क ओढली. सगळं ठप्प. अहो, यंत्र मोजतं शून्यापासून आणि चिठ्ठ्या होत्या एकपासून, म्हणजे यंत्राची तीन ती चिठ्ठीवरची चार. चांगली डिस्क बाहेर, मेलेली आत; एक गेलेली चालते, दोन नाही. एवढ्या अनुभवी माणसाला हे कळू नये? तेवढ्यात खालून सर्जनबाईंचा फोन, "पेशंट टेबलावर आहे, रक्तगट सांगा." लॅबमधल्या ताई वहीतून रक्तगट उतरवून कागद घेऊन तीन जिने धावल्या, म्हणून निभावलं. डिस्क परत बसवून यंत्र पुन्हा उठवायला पावणेदोन तास गेले. बंद न करता करायचं काम ते हे.

मी त्याच दुपारी चार पानी तक्रार ठोकली. तंत्रज्ञाला कंपनीने घरी बसवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, सुवाच्य अक्षरात. तक्रारीत हा मुद्दा राहून गेला.

आणखी ता. क. तंत्रज्ञ काल फाटकापाशी भेटला. भांडेल असं वाटलं, तर म्हणाला, "मी तुम्हाला विचारून घ्यायला हवं होतं, चुकलंच माझं." मला रात्रीचं जेवण गेलं नाही. परवा त्याची चौकशी आहे. मामा, तुम्ही तीस वर्षं हेडक्लार्क होतात. "चूक माझी होती" याच्यापुढे काय लिहितात? सकाळपासून तेवढ्यावरच अडलोय.