एकालाच प्रवेश

यवतमाळ, मंगळवार, सायंकाळ

सिद्ध करायचे ते एवढेच: आज प्रसूतिकक्षात मुलीसोबत जावयाऐवजी माझ्या पत्नीला पाठवण्याचा माझा निर्णय योग्य होता. कोरोनामुळे एकालाच प्रवेश. बाळ पोटातच गेलेले; औषध देऊन कळा आणायच्या होत्या. मी म्हणालो, जन्मच नाही, तेव्हा पित्याच्या उपस्थितीचा प्रश्न उरत नाही.

"लेकरू माहं व्हय, मामाजी. मले एकडाव पाहू द्या," जावई म्हणाला आणि गप्प झाला. ते मौन मी संमती कसे मानले?

दुपारी बाळ जावयाच्या हाती आले ते शिवलेल्या कापडात, उघडण्यास मनाई. त्याने ते तसेच पुरले. परतल्यावर पत्नी त्याला म्हणाली, "नाक तुमचंच व्हतं, जावाईबापू."

निर्णय सिद्ध होत नाही. ज्याला नाक होते, त्याचा जन्म झाला होता. माझे पहिले विधानच चूक.

द. ना.